एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

मंडळी, गेल्या अंकात आम्ही लोणच्यावर लिहिले होते. या वेळी गाडीच्या मीटरवर लिहिणार आहोत. विषय कुठून कुठे गेला असे वाटेल. पण लोणचे काय आणि आकडा काय, दोन्ही मुरायला वेळ द्यावा लागतो.

सुरुवात आपल्या गावापासून करू. नोव्हायला नवीन माणूस आला की त्याला पहिल्या आठवड्यात एक गोष्ट हमखास ऐकवली जाते. पूर्वी डेट्रॉइटहून ग्रँड रिव्हरच्या रस्त्याने निघाले की इथे सहावा टप्पा लागायचा. कोणी म्हणतो टोलनाका, कोणी म्हणतो घोडागाडीचा थांबा. पाटीवर 'नंबर'चे आखूड रूप 'नो.' आणि पुढे रोमन सहा, म्हणजे व्ही आणि आय. ते जोडून वाचले की झाले नोव्हाय! गोष्ट गोड आहे, पण अडचण अशी की गावाला हे नाव १८३२ सालीच मिळाले होते आणि टोलचा रस्ता आला तो त्यानंतर. तरीही आम्ही पाहुण्यांना ती सांगतोच. ज्या गावाच्या नावातच आकडा असल्याची वदंता आहे, त्या गावात राहून आकड्यांवर एक लेख लिहायला हरकत नसावी.

तर यंदा मे महिन्यात आमचे वडील, म्हणजे अण्णा, सहा महिन्यांसाठी इथे आले. नाशकात टपालखात्यात आयुष्य काढलेला माणूस. तिथे सकाळी फिरायला जाताना रस्त्यात दहा जण नमस्कार घालणार. इथे घराबाहेर पडावे तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत जाऊन येणे हीच त्यांची प्रभातफेरी. ज्यांच्या घरी आईवडील येऊन राहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. पहिला महिना कौतुकात जातो, दुसरा टीव्हीसमोर, आणि तिसऱ्या महिन्यात ते कॅलेंडरकडे बघू लागतात. आपण ते पाहिले नाही असे दाखवतो.

सप्टेंबरात शाळा सुरू झाली आणि आमच्या धाकटीच्या दप्तरातून एक चिठ्ठी आली. गणिताच्या वरच्या गटात तिची निवड झालेली नव्हती. एवढेच. पण त्या संध्याकाळी आमच्या घरात जे वातावरण झाले ते सुतकापेक्षा कमी नव्हते. सौ. ने दोन मैत्रिणींना फोन करून त्यांच्या मुलांचे काय झाले ते विचारून घेतले. आम्ही 'आमच्या वेळी' या शब्दांनी सुरू होणारी तीन वाक्ये बोललो. जेवायच्या आत शिकवणीचा फॉर्म छापून तयार! धाकटी जिन्यावर बसून सगळे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी मॅथवाली नाहीच आहे. इट्स ओके." आणि खोलीत जाऊन दार लावून घेतले.

अण्णा काही बोलले नाहीत. त्यांच्या मराठीतले निम्मे तिला कळत नाही, तिच्या इंग्रजीतले निम्मे त्यांना. मधला पूल म्हणजे सौ. आणि आम्ही, आणि त्या दिवशी तो पूल वाहतुकीला बंद होता.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे वाणसामान आणायला निघालो. अण्णा पुढच्या सीटवर, धाकटी मागे. आमची गाडी जुनी आहे. 'बदला आता' असे सगळे म्हणतात, पण मोटारींच्या गावात जुनी गाडी चालवण्यात आम्हाला एक वेगळाच अभिमान वाटतो. अण्णांनी मीटरकडे पाहून विचारले, "किती झाले रे?"

"एक लाख बेचाळीस हजार शंभर मैल."

अण्णा जरा गप्प झाले. मग म्हणाले, "अजून साडेसातशे मैल जपून चालव. पुढे एक फार मोठं माणूस येतंय."

मागून धाकटीने विचारले, "कोण येतंय?"

"एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न."

घरी आल्यावर अण्णांनी जाहिरातींच्या टपालातले एक पाकीट घेतले (पोस्टातल्या माणसाला कोऱ्या पाठीचे पाकीट टाकवत नाही), त्यावर १४२८५७ लिहिले आणि धाकटीला म्हणाले, "ह्याला दोनानं गुण."

तिने गुणले. २८५७१४.

"आता तिनानं." ४२८५७१.

"चारानं." ५७१४२८.

चौथ्या ओळीपाशी तिची पेन्सिल थांबली. तिने वर पाहिले, खाली पाहिले. तेच सहा अंक, आणि एकापाठोपाठ एक येण्याचा क्रमही तोच. फक्त सुरुवात दर वेळी वेगळ्या अंकापासून. पाचाने गुणले, ७१४२८५. सहाने गुणले, ८५७१४२. सहाच्या वेळी तर पहिले तीन अंक उचलून मागे नेऊन ठेवल्यासारखे. धाकटी आता उत्साहात सातवर गेली आणि आले ९९९९९९. नऊच नऊ! ती ओरडलीच.

"आठानं?" अण्णांनी विचारले.

११४२८५६. "बिघडलं," ती हिरमुसून म्हणाली.

"काही बिघडलं नाही. पुढचा एक सुटा करून मागच्या सहात मिळव." सहाचे सात झाले आणि पुन्हा १४२८५७.

धाकटी म्हणाली, "हे मॅजिक आहे." त्यावर अण्णा पहिल्यांदाच जरा कडक आवाजात म्हणाले, "मॅजिक म्हणायचं नाही. मॅजिकवाला हातचलाखी लपवतो. इथे सगळं उघड्यावर आहे. बघायला बसायचं फक्त."

मग ते बघायला बसले. तुम्हीही पेन्सिल घ्या, मंडळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर जागा करा. एकाला सातने भागायचे. शाळेत शिकलो तसा लांबलचक भागाकार. एकात सात जात नाहीत, शून्य जोडले, दहा. भाग लागला १, बाकी ३. तीस झाले, भाग ४, बाकी २. वीस, भाग २, बाकी ६. साठ, भाग ८, बाकी ४. चाळीस, भाग ५, बाकी ५. पन्नास, भाग ७, बाकी १. आणि बाकी एक म्हणजे जिथून निघालो तिथेच पोचलो! आता पुढे पुन्हा तेच १, ४, २, ८, ५, ७, आणि पुन्हा तेच, कायमचे.

का? कारण सातने भागताना उरणारी बाकी सातापेक्षा लहानच असणार. शून्य कधी येत नाही, मग उरले एक ते सहा. सहाच घरे आहेत, त्यामुळे कधीतरी जुन्या घरी परत यावेच लागते. सातची गंमत ही की परत येण्याआधी तो सहाही घरांना भेट देऊन येतो, एकही चुकवत नाही. आता दोनाला सातने भागायचे म्हणजे दोन बाकी असलेल्या घरापासून निघायचे. वाट तीच, निघण्याचे ठिकाण वेगळे. म्हणून दुप्पट करा, तिप्पट करा, अंक तेच राहतात आणि क्रमही तोच.

हे धाकटीला त्या दिवशी निम्मेच कळले. बाकीचे निम्मे कळले ते भोंडल्याला. नवरात्रात नेहमीप्रमाणे भाड्याने घेतलेल्या हॉलमध्ये मधोमध पाटावर हत्तीचे चित्र, भोवती बायकामुलींचा फेर. आम्ही पुरुषमंडळी भिंतीशी खिरापत ओळखत उभे. धाकटी फेर सोडून धावत आली आणि अण्णांना म्हणाली, "आजोबा, हे तेच आहे! सर्कल तेच असतं. तुम्ही कुठे उभे असता त्याच्यावर पहिली कोण ते ठरतं!" अण्णांनी काय करावे? खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता.

एक गोष्ट सांगायची राहिली, स्वल्पविरामाची. आम्ही लिहितो १,४२,८५७ आणि आमची मुले लिहितात १४२,८५७. यावरून आमच्या घरी कायम वाद. अण्णांनी निकाल दिला तो असा. मुलांच्या पद्धतीने तोडा: १४२ अधिक ८५७ बरोबर ९९९. आपल्या पद्धतीने तोडा: १ अधिक ४२ अधिक ८५७ बरोबर ९००. दोन-दोन अंकांनी तोडा: १४, २८ आणि ५७ मिळून ९९. "कुठेही तोडा, ही संख्या काही ना काही देतेच," अण्णा म्हणाले. "पण इथे तुमचा स्वल्पविराम आमच्यापेक्षा बऱ्या जागी पडला, हे कबूल." सासऱ्यांनी अमेरिकन पद्धत बरी म्हटल्याची सौ. ने कॅलेंडरवर नोंद केली आहे.

आता यातला आपल्या घरचा भाग. या संख्येचा वर्ग करा. गणकयंत्र चालेल, आम्हीही तेच वापरले. उत्तर येते २०४०८१२२४४९. हे अकरा अंक मधे तोडा, डावीकडे २०४०८ आणि उजवीकडे १२२४४९. दोघांची बेरीज करा. १४२८५७! ज्या संख्येचा वर्ग असा तोडून जोडला की मूळ संख्याच परत मिळते, तिला जगभर कापरेकर संख्या म्हणतात. लहान उदाहरणे हवी असतील तर ९ चा वर्ग ८१, आणि ८ व १ मिळून ९. किंवा ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून ४५.

हे कापरेकर म्हणजे नाशिकजवळच्या देवळालीचे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्यात, कॉलेज पुण्याचे फर्ग्युसन. तिथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ पर्यंत देवळालीत शाळामास्तर होते. पुढची पदवी नाही, विद्यापीठातली खुर्ची नाही. सुट्या अंकांशी खेळत बसण्याला गणित म्हणायचे का, असे विचारणारे मोठे लोक होते, आणि त्यांच्या प्रश्नात तथ्य नव्हते असेही नाही. मास्तर मात्र पदरमोड करून छोट्या पुस्तिका छापत राहिले, परिषदांना जात राहिले. अंकांच्या बेरजेने नि:शेष भागल्या जाणाऱ्या संख्यांना त्यांनी नाव दिले 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी. आपली संख्याही त्यात बसते. तिच्या अंकांची बेरीज २७, आणि २७ गुणिले ५२९१ बरोबर १४२८५७. करून बघा.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध शोध ६१७४. तो त्यांनी १९४९ साली लावला. कुठलीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक एकच नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. आपले नोव्हाय १९६९ साली 'सिटी' झाले, तेच साल घेऊ. ९९६१ वजा १६९९ बरोबर ८२६२. ८६२२ वजा २२६८ बरोबर ६३५४. ६५४३ वजा ३४५६ बरोबर ३०८७. ८७३० वजा ०३७८ बरोबर ८३५२. ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. आता ७६४१ वजा १४६७, पुन्हा ६१७४. तिथेच मुक्काम! जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कुठलीही संख्या तिथे पोचते. धाकटीने कापरेकरांचे जन्मसाल १९०५ घालून पाहिले, तर त्याला बरोबर सातच्या सात पायऱ्या लागल्या. कुठलाही आडमार्ग न घेता सरळ शेवटपर्यंत चालत जाणारे साल.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीच्या मास्तरांचे नाव जगभर पोचले. तेव्हा त्यांना निवृत्त होऊन तेरा वर्षे झाली होती. निवृत्तिवेतन अपुरे म्हणून ते शिकवण्या करत होते. १९८६ साली ते गेले.

आता खरे बोलायचे तर आमचा हा लेख इथवर आला तो त्या चिठ्ठीमुळे. या देशात आल्यावर आपण आकड्यांचा एकच उपयोग शिकलो, मोजमाप. किती टक्के, कितवा नंबर, कुठला गट. आपण स्वत: त्याच शिडीने वर आलो, म्हणून मुलांना दुसरी वाट दाखवायची भीती वाटते. ती भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण गट ठरवणाऱ्या त्या चिठ्ठीने आमच्या मुलीला एका संध्याकाळी पटवून दिले की गणित ही दुसऱ्या कोणाची तरी मालमत्ता आहे. आणि ते पटवण्यात शाळेपेक्षा आमचा वाटा मोठा होता, कारण चिठ्ठी तिने वाचली होती, चेहरे मात्र आमचे पाहिले होते. वरच्या गटात नसलेल्या एका मास्तरांनी आयुष्यभर संख्यांना 'आनंद देणारी' म्हणत काम केले, हे आम्हाला माहीत होते. मग ते त्या संध्याकाळी का आठवले नाही?

आणि हा खेळ पोरकट आहे असे समजू नका. सातसारख्या, म्हणजे परत येण्याआधी सगळी घरे फिरून येणाऱ्या मूळ संख्या आणखी आहेत. १७, १९, २३, २९, ४७. अशा मूळ संख्यांना अंत आहे की नाही? अंत नाही, असा अंदाज १९२७ साली एमिल आर्टिन या गणितज्ञाच्या विचारातून पुढे आला. कापरेकरांना पारितोषिक मिळाले तेच वर्ष. तो अंदाज आजवर कोणाला पूर्णपणे सिद्ध करता आलेला नाही. आमच्या स्वयंपाकघरातल्या पाकिटापासून निघालेला रस्ता तिथपर्यंत जातो.

तर मीटरचे पुढे काय झाले? अण्णांचे परतीचे तिकीट ऑक्टोबरच्या शेवटचे. मैल मोजत मोजत आम्ही एका गुरुवारी १४२८५५ वर घरी पोचलो. धाकटीने फर्मान काढले, आजोबा गाडीत असल्याशिवाय गाडी हलणार नाही. दोन दिवस ती गॅरेजमध्ये, आणि आम्ही सौ. च्या गाडीतून कामावर. शेजाऱ्याने विचारले, गाडी बिघडली का? काय सांगणार? म्हटले, हो.

शनिवारी सकाळी सगळे कोट घालून गाडीत बसलो. अण्णा पुढे, मांडीवर कॅमेरा. ट्वेल्व्ह ओक्स मॉलच्या बाजूला निघालो. पहिला मैल झाला, ५६. गाडीत कोणी श्वास घेईना. दुसरा मैल होत आला आणि नेमका डावीकडे वळायचा सिग्नल, मागून भोंगा! आम्ही रस्ता बघू की मीटर? धाकटी किंचाळली, "आला! आला!" अण्णांनी पाहिला, सौ. ने पाहिला, धाकटीने पाहिला. आम्हाला सोडून सगळ्यांनी पाहिला. कॅमेऱ्याचे झाकण निघेपर्यंत, पार्किंगला जागा मिळेपर्यंत, फोटो आला तो १४२८५८ चा.

आम्ही हळहळलो. धाकटी मात्र मागच्या सीटवर काहीतरी पुटपुटत होती. "आजोबा, ह्याला सातनं गुणलं की काय येतं?" अण्णा म्हणाले, तूच सांग. तिने पाकिटावर केले. नऊच नऊ गेले आणि आले १०,००,००६. दहा लाख आणि वर सहा. स्वल्पविराम तिने आपल्या पद्धतीने घातले होते.

"नंबर सिक्स!" ती म्हणाली. "नोव्हाय!"

अण्णा आता नाशकात आहेत. रविवारी सकाळी फोन येतो, आणि तब्येतीच्या चौकशा आटोपल्या की ते धाकटीला एक संख्या देतात. तिचा गणिताचा गट तोच आहे. शिकवणीचा फॉर्म फ्रीजवर चुंबकाखाली अजून आहे, आम्ही तो पाठवला नाही आणि फाडलाही नाही. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कोणीतरी एकाला सतराने भागायला घेतले आहे. सोळा अंकांनंतर बाकी पुन्हा एक येते. ते सोळा अंक तुम्ही काढा, दोनाने गुणा, आणि काय दिसते ते पुढच्या बैठकीत चहाच्या वेळी आम्हाला सांगा. मुलांना बरोबर आणा. निकाल लागणार नाही, बक्षीस नाही, गट तर मुळीच नाहीत.